आमच्या हंगामातल्या ज्युनियर

ज्युनियर चिखलात पडल्या की लगेच उठायच्या नाहीत. आम्ही बाकीचे पडलो की ओशाळून इकडेतिकडे बघत, जमेल तसे धडपडत उभे राहायचो. त्या मात्र पडल्या की तशाच पडून राहायच्या. मी हात पुढे केला तर म्हणायच्या, "थांब गं जरा. आलेच आहे खाली, तर बघून घेते." मग गालाला चिखल लागलेला असताना त्या तिवरांच्या वर आलेल्या मुळांमधून पलीकडे बघत राहायच्या. एकदा त्यांना तिथून निवटी दिसली, चिखलावरून उड्या मारत जाणारा तो बोटाएवढा मासा. "उभ्या माणसाला हे दिसायचं नाही," असं त्या उठल्यावर आम्हाला सांगत होत्या, आणि अंगावरच्या पंजाबी ड्रेसवरून खाडीचं काळं पाणी ठिबकत होतं.

त्यांचं नाव सुनंदा जाधव. साठीला टेकलेल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, चष्म्याला मागे दोरी बांधणाऱ्या. भाईंदरच्या खाडीलगतच्या कांदळवनात एक संस्था वनखात्याच्या परवानगीने काम करायची. दरवर्षी गणपती झाले की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास संपायचा. त्या हंगामापुरते इंटर्न घ्यायचे. रोपवाटिका सांभाळायची, लागवड करायची, प्लास्टिक वेचायचं, बुजलेले पाण्याचे चर मोकळे करायचे, शाळेची मुलं आली तर त्यांना फिरवायचं, असं काम. आम्ही सगळे कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेलो होतो. मी भाईंदरजवळच्या नवघरची. वनस्पतिशास्त्राची पदवी हातात होती, आणि घरी बँकेच्या परीक्षेचा धोशा चालू होता. तो चुकवण्यासाठी मी अर्ज केला होता. जाधवबाईंनी का केला, हे मुलाखतीच्या दिवशी सगळ्यांसमोर कळलं.

मुलाखत घ्यायला घरत सर होते. आमच्या कामाचे प्रमुख, वयाने जेमतेम पस्तिशीचे. समोर आईच्या वयाची बाई बघून ते अवघडले. पुस्तकी प्रश्न विचारायचे की नाहीत, हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?"

बाई म्हणाल्या, "मी लग्न होऊन साताऱ्याकडून मीरा रोडला आले ना, तेव्हापासून इथेच आहे. पण सकाळी उठायचं, फोर्टातल्या ऑफिसात जायचं, रात्री यायचं. मी इथे नुसती झोपायला यायचे. गेल्या वर्षी रिटायर झाले. मिस्टर त्याच्या आधीच गेले. आता माझ्याकडे दिवस आहे. तर म्हटलं, आपण राहतो कुठे ते तरी बघावं."

घरत सरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. जाहिरातीत वयाची अट घालायची राहून गेली होती, असं ते नंतर आम्हाला हसत सांगायचे. पण पुढच्या वर्षीही त्यांनी ती अट घातली नाही.

हाक काय मारायची, हा पहिल्या दिवसाचा घोळ. आमच्यातल्या एकाने "काकू" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काकू मी सोसायटीत आहे. इथे नको." "मॅडम" म्हटलं तर म्हणाल्या, ते ऑफिसात सोडून आले. घरत सर "जाधवबाई" म्हणाले, ते त्यांना शाळेतल्या बाईंसारखं वाटलं. मग त्यांनीच विचारलं, "या सगळ्यांत शेवटचा अर्ज कुणाचा आला?" त्यांचाच आला होता. "मग मी ज्युनियर," त्या म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांना ज्युनियर म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटायचं. आम्हाला कधी वाटलं नाही.

कामात त्या चांगल्या होत्या असं म्हणता येणार नाही. रोपवाटिका उत्तनला होती, मार्थाबायच्या घरामागच्या वाडीत. मार्थाबाय तिथली जुनी ख्रिस्ती कोळीण. पुढच्या अंगणात तिची मासळी वाळत असायची आणि मागे आमची रोपं. पहिल्या आठवड्यात आम्हाला कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा पिशव्यांतल्या मातीत खोचायला दिल्या. शेंगेचं टोकदार तोंड खाली जातं, तिथून मूळ फुटतं. ज्युनियरना वाटलं, टोक म्हणजे कोंब. सकाळभर खपून त्यांनी एक अख्खी रांग उलटी लावली. मार्थाबाय सुक्या बोंबलांची टोपली घेऊन जाता जाता थांबली.

"बाय, तू यांना डोक्यावर उभी केलीस."

ज्युनियर बघतच राहिल्या. "उलट्या लागल्या?"

"उलट्याच हाय. आता त्या काय पाय हलवून सांगणार न्हाय तुला."

मार्थाबाय हसली, आम्ही हसलो. ज्युनियर हसल्या नाहीत. त्या पुन्हा खाली बसल्या, एकेक शेंग उपटली, पुसली आणि सरळ केली. दुपारची भाईंदरची बस आम्ही सोडली, कारण त्यांना सोडून कोण जाणार. रांग पुरी झाल्यावर त्या म्हणाल्या, "ऑफिसात माझी चूक खालच्या माणसाच्या नावावर जायची. इथे माझ्या खाली कुणी नाही, हे बरं आहे."

मार्थाबायशी त्यांचं त्या दिवसापासून जुळलं. दोघींची बोली वेगळी, देव वेगळे, जेवण वेगळं. ज्युनियर माळकरी घरातल्या, मासळी कधी शिजवलेली नव्हती. पण वास आला म्हणून नाकाला ओढणी लावताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. मार्थाबाय सांगायची तसं बोंबील दोरीवर टाकायला त्या मदत करायच्या. मार्थाबायचे दोन्ही मुलगे आखातात होते. ज्युनियरची मुलगी मधुरा बंगळूरला. दोघी काम करता करता मुलांविषयी बोलत नसत, हे मी पाहिलं होतं. एकीने विचारलं की दुसरीला सांगावं लागलं असतं, म्हणून बहुधा. त्याऐवजी वारा, मासळी, गुडघे हे त्यांचे विषय.

ज्युनियरची दुसरी खोड म्हणजे एकचा डबा. इतकी वर्षं एक वाजता डबा उघडलेली बाई. त्यांच्या पोटातच घड्याळ होतं. पण अष्टमी-नवमीला ओहोटी भर दुपारी असते, आणि ओहोटी असेल तेव्हाच आत जाऊन काम करता येतं. आम्ही गुडघाभर चिखलात, आणि एक वाजला की ज्युनियर कासावीस. पहिल्या महिन्यात त्यांनी एकदा चिखलात उभ्या उभ्या डबा उघडला आणि पोळीभाजी खाल्ली. एका हातात डबा धरून, दुसरा कोपरापर्यंत काळा, म्हणून मी घास भरवत होते. नंतर हळूहळू त्यांचं बदललं. दिवाळीनंतर केव्हातरी मी विचारलं, "ज्युनियर, एक वाजून गेला, भूक नाही लागली?" त्या म्हणाल्या, "आता माझं ऑफिस खाडी चालवते. पाणी चढलं की सुट्टी."

शेअर रिक्षात त्या अनोळखी माणसांनाही सोडायच्या नाहीत. मीरा रोड स्टेशनहून रिक्षा निघाली की शेजारच्या बाईला म्हणायच्या, "इधर पीछे खाडी है, मालूम है ना?" ती बाई मोबाइलमधून डोकं वर काढून "हां, मच्छर बहुत है" म्हणायची. "वो तो है," ज्युनियर म्हणायच्या, "लेकिन अभी फ्लेमिंगो आयेंगे." मला आधी लाज वाटायची. मग एके दिवशी एका रिक्षावाल्याने आपण होऊन विचारलं, "आंटी, आये क्या वो गुलाबी वाले?" त्यानंतर मी लाजणं सोडलं.

हे सगळं सांगताना मी थांबून थांबून सांगतेय, याचं कारण पुढचं आहे.

डिसेंबरात घरत सरांनी आम्हाला एक नवी जागा दिली. मीरा रोडच्या उंच इमारतींच्या मागे कांदळवनाचा एक तुकडा वाळत चालला होता. तिवरं उभी होती, पण पानं पिवळी, फांद्या काड्यांसारख्या. सरांनी नकाशा दाखवला. खाडीचं पाणी ज्या चरातून तिथे यायचं तो चर डेब्रिजने बुजला होता. इमारतींच्या दुरुस्तीतलं, घराघरांतून निघालेलं विटा-सिमेंट कुणीतरी रात्री-बेरात्री टाकत गेलं, मग ते सपाट झालं, मग त्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या. जमीन सरकारी होती. पण भरती आत येऊ शकत नव्हती, त्यामुळे झाडं जागच्या जागी तहानली होती.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा ज्युनियर मान वर करून इमारतीकडे बघत होत्या. "ती चौथ्या मजल्यावरची माझी खिडकी," त्या म्हणाल्या. "डास येतात म्हणून कायम बंद."

त्या दिवशी नुसता अंदाज घ्यायचा होता. पहारीने इथेतिथे उकरून डेब्रिज किती खोल आहे ते बघायचं. मी आणि ज्युनियर एका टोकाला होतो. मी पहार मारायची, त्या घमेल्यात भरायच्या. विटांचे तुकडे, गंजलेली सळई, तुटलेलं वॉश बेसिन. मग त्यांचा हात थांबला. त्यांच्या हातात पांढऱ्या फरशीचा तुकडा होता, त्यावर निळी बारीक फुलं. त्यांनी तो ओढणीने पुसला. पुन्हा खाली हात घातला आणि आणखी एक काढला. मग आणखी एक, जवळजवळ अख्खा.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा माझा ओटा आहे," त्या म्हणाल्या.

त्या डेब्रिजच्या ढिगावरच बसल्या. मीही शेजारी बसले. त्या नखाने फुलांवरचा चिखल काढत राहिल्या. मग सांगितलं ते असं. नव्या घरात ही फरशी त्यांच्या मिस्टरांनी आणली होती. दुकानातून टेम्पोत मागे स्वतः बसून, फुटू नये म्हणून मांडीवर धरून. पुढे ते आजारी पडले त्या वर्षी सोसायटीत पाइपांची कामं निघाली. सगळ्यांनी स्वयंपाकघरं नवी करून घेतली, यांनीही केलं. "ते पलंगावरून म्हणाले होते, राहू दे की ही फरशी, काय वाईट आहे. मी म्हटलं, आता सगळंच फोडतायत तर होऊन जाऊ दे. खालून गाडी आली, गोण्या घेऊन गेली. कुठे नेलं, ते मी विचारलंच नाही, दीपा. घरातून गेलं ना, मग गेलं."

मला वाटलं, ती फरशी त्या घरी नेतील. मी पिशवीसुद्धा पुढे केली. त्या म्हणाल्या, "नको. घरातून काढलेली आहे ती. आता ती इथूनही निघाली पाहिजे, एवढंच." आणि तिन्ही तुकडे घमेल्यात टाकले.

घरत सरांकडे डेब्रिज हटवण्याचा वनखात्याचा हुकूम तयार होता. ते म्हणाले, उद्याच जेसीबी लावू, पोलिस बंदोबस्त मागवू, सोसायटीला विचारायची गरज नाही. ज्युनियरनी त्यांना थांबवलं. "सर, कागद घेऊन आलात तर ते जागा सोडतील. पण पुढच्या दुरुस्तीला पुन्हा तिथेच टाकतील. मला येत्या रविवारच्या मीटिंगला बोलू द्या." सरांना हे पटलं नव्हतं. पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलं.

मी त्यांच्याबरोबर गेले. सोसायटीचं ऑफिस लहानसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला लागून थोड्या बायका. तिथे ज्युनियर हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. तिथे त्या जाधवकाकी होत्या, भिशी वेळेवर भरणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सेक्रेटरी मेहताभाईंनी बाकीचे विषय उरकले आणि म्हणाले, "सुनंदाबेन को कुछ बोलना है."

त्या उभ्या राहिल्या. बोलण्याची सवय नव्हती. चष्म्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "मागे आपण गाड्या लावतो ना, त्याच्या खाली पाण्याची वाट आहे. ती बुजली म्हणून मागची झाडं मरतायत. तिथे माझ्या ओट्याची फरशी सापडली. मी कुणाला बोलत नाहीये. मीच टाकलीय. मला ती उचलायची आहे. उचलताना तुमची गाड्यांची जागा जाईल."

 मग मेहताभाई, माणूस वाईट नव्हता, हसत म्हणाले, "सुनंदाबेन, टाइल्स तो सबने बदली. अब क्या सब लोग जाके अपनी अपनी ढूँढें?"

सगळे हसले. ज्युनियर हसू संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आप मत ढूँढो. बस, हमको ढूँढने दो."

एका बाईने विचारलं, "पानी आयेगा तो मच्छर बढ़ेंगे ना?" घरत सरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की वाहत्या पाण्यात मासे येतात, ते डासांची पिल्लं खातात, डास उलट कमी होतात. एवढं ठासून सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण ज्युनियर म्हणाल्या, "कमी होतील असं म्हणतात. मी स्वतः पाहिलेलं नाही. खोटं कशाला सांगू." मी मनात कपाळावर हात मारला. मीटिंग रेंगाळली, आवाज चढले. टेम्पोवाल्या भाडेकरूंचं काय, पाहुण्यांच्या गाड्यांचं काय. शेवटी हुकूम आहे हे कुणीतरी बोलून दाखवलंच, कारण घरत सरांबरोबर आलेली वनखात्याची जीप लोकांनी पाहिली होती. मेहताभाईंनी विचारलं, "ऑर्डर था तो सीधा लेके क्यों नहीं आये?" ज्युनियर म्हणाल्या, "क्योंकि मैं इधर रहती हूँ."

जागा मिळाली. सगळी नाही. कडेची एक पट्टी गाड्यांना राहिली आणि चराच्या वाटेतली मोकळी झाली. हे फुकट झालं नाही. भिशीच्या बायका जिन्यात भेटल्या की मोबाइल बघायला लागल्या. त्यांच्या दारात कुणीतरी एकदा विटेचे तुकडे आणून ठेवले. ज्युनियरनी ते गोणीत भरले आणि कामावर येताना स्वतः उचलून खाली घेऊन आल्या. "यांनाही त्या ढिगाबरोबरच जायचं होतं," म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

वरचा थर जेसीबीने काढला. पण झाडांच्या मुळांजवळ यंत्र नेता येईना, तिथे हाताने. जानेवारीभर आम्ही ते केलं. उत्तनहून मार्थाबाय दोनदा येऊन गेली, एकदा नुसतं बघायला आणि एकदा फावडं घेऊन. चर हळूहळू खाडीच्या दिशेने सरकत गेला. शेवटचा बांध फोडायला घरत सरांनी पौर्णिमा निवडली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते आणि ती भर दुपारी चढते.

त्या दुपारी आम्ही सगळे काठावर उभे होतो. वर इमारतीच्या काही खिडक्यांत माणसं होती. मेहताभाई खाली आले होते, लांब उभे होते. पाणी आधी दिसलंच नाही. चराच्या तळाचा चिखल नुसता चकाकायला लागला. मग एक पातळ, मळकट जीभ पुढे आली, थांबली, प्लास्टिकच्या एका पिशवीला वळसा घालून पुढे सरकली. पाठीमागून आणखी पाणी आलं. ते पहिल्या वाळक्या तिवराच्या बुंध्याला लागलं तेव्हा ज्युनियर म्हणाल्या, "आलं." एवढंच. आणि माझ्या हातावरची त्यांची पकड इतकी घट्ट झाली की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ दिसत होते.

होळीला हंगाम संपला. मार्थाबायच्या अंगणात निरोपाचं जेवण झालं. तिने ज्युनियरसाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर वालाची भाजी केली होती. ज्युनियरना पुढच्या हंगामाला पुन्हा यायचं होतं. घरत सर हो म्हणाले होते. पण मधुराचा फोन आला. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिच्या सासूबाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. "थोडे महिने जाऊन येते," ज्युनियर म्हणाल्या. मी विमानतळावर सोडायला गेले. रिक्षात त्या मांडीवरची पर्स धरून बाहेर बघत होत्या. मेट्रोच्या खांबांची रांग मागे पडली तेव्हा म्हणाल्या, "तिकडे समुद्र नाही गं. भरती कधी, ओहोटी कधी, कळणारच नाही मला."

थोड्या महिन्यांची वर्षं झाली. नातू झाला, मग त्याला सांभाळणारं कुणी हवं झालं. मुलीचंही खरं होतं, दोघं नोकरी करणारी. दरम्यान मलाही अंधेरीला एका कंपनीत काम लागलं, पर्यावरणाचे अहवाल लिहायचं. आता मी खाडीविषयी दिवसभर टाइप करते आणि रात्री नवघरला झोपायला येते. हे लक्षात आलं त्या दिवशी मला ज्युनियरना फोन करायचा धीर झाला नाही.

पण त्या करायच्या. प्रत्येक अमावास्येला आणि पौर्णिमेला, दुपारी. कशी आहेस, लग्नाचं काय, असलं काही नाही. "पाणी कुठपर्यंत आलं?" एवढाच प्रश्न. सुट्टीचा दिवस असला तर मी आधीच स्कूटरवरून तिथे गेलेली असायची. "तिसऱ्या झाडापर्यंत," मी सांगायची. पुढच्या वर्षी, "सोसायटीच्या कुंपणाला लागलं." कामाचा दिवस असला तर म्हणायची, "आज जाता आलं नाही." त्या म्हणायच्या, "असू दे. आलं असेल." आणि पलीकडे त्यांचा नातू रडत असायचा, किंवा कुकरची शिट्टी व्हायची, आणि फोन ठेवला जायचा. मधुरा एकदा हसत मला म्हणाली होती, "आई इथे आलीच नाहीये अजून. तिकडेच आहे." हसण्यात थोडी तक्रार होती.

गेल्या वर्षी त्या घर विकायला आल्या. मधुराही आली होती. घर घ्यायला एक तरुण जोडपं आलं. त्यातल्या मुलीने स्वयंपाकघर पाहिलं, मागची खिडकी उघडली आणि विचारलं, "इथून वास येतो का?" मधुराने आईकडे पाहिलं. ज्युनियर म्हणाल्या, "येतो. ओहोटीला येतो. भरती आली की जातो." ते जोडपं कळवतो म्हणून गेलं आणि त्याने कळवलं नाही. मधुरा खूप चिडली. "आई, एवढं सांगायची काय गरज होती?" ज्युनियर म्हणाल्या, "त्यांना इथे राहायचंय ना?" मग त्या दोघी न बोलता परत गेल्या. घर पुढे दुसऱ्या कुणी घेतलं, दलालामार्फत. त्या खेपेला ज्युनियर चरापर्यंत आल्या होत्या, पण पाय दुखत होते, खाली उतरल्या नाहीत. तिवरांना नवी पालवी होती. काही झाडं गेलीच होती, ती परत आली नाहीत. त्यांनी दोन्ही पाहिली. म्हणाल्या, "अर्धी तरी." त्यांच्या आवाजात आनंद होता की खेद, ते मला आजही सांगता येत नाही.

या पावसाळ्याच्या तोंडावर त्या बंगळूरला झोपेतच गेल्या. मधुराने मेसेज केला, चार ओळींचा. मी फोन केला तर ती नीट बोलू शकली नाही. नंतर एक अमावास्या आली. दुपारी ऑफिसात मी दोनदा फोन उलटा करून ठेवला, दोनदा सरळ केला. तो वाजला नाही.

पौर्णिमा रविवारी होती. तेव्हा वाजला. मधुरा होती.  मग ती म्हणाली, "दीपा, मला कळत नाहीये मी फोन का केला. आत्ता मुलगा म्हणाला, आजी या वेळेला फोन करायची. आई तुला नक्की काय विचारायची?"

"पाणी कुठपर्यंत आलं, एवढंच."

तिने श्वास घेतला. "मग... कुठपर्यंत आलं?"

मी घरात होते. समोर ताट वाढलेलं होतं. आईने वरण वाढायला पळी उचलली होती. "पाच मिनिटं थांब," मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस." ताट तसंच झाकलं आणि स्कूटरची किल्ली घेऊन खाली उतरले.